आयोग, खिडकी आणि पोच

मराठी शिकवत असताना वाक्यात उपयोग करायला मी मुलांना जे शब्द द्यायची, त्यात ‘आयोग’ हा शब्द हमखास असायचा. आठवीतल्या एका पठ्ठ्यानं लिहिलं होतं, ‘सरकारने आयोग नेमला आणि प्रकरण मिटले.’ मी पूर्ण गुण दिले. दुसऱ्या एकीनं लिहिलं, ‘माझे बाबा आयोगाची वाट पाहत आहेत.’ तिचे बाबा प्राथमिक शिक्षक, आणि वाट वेतन आयोगाची. खरं सांगायचं तर आम्हा नोकरदार मंडळींच्या घरात तेवढा एकच आयोग खरा. बाकीचे सगळे वर्तमानपत्रातले.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे परवा आमच्या भाऊजींचा फोन आला होता. (मोठे दीर. वय चौऱ्याऐंशी, आवाज मात्र खणखणीत.) त्यांचं म्हणणं, सरकारचं काम सुधारायचं तर एक चांगला जबरदस्त आयोग नेमला पाहिजे. मी म्हटलं, भाऊजी, नेमलेला आहे. ते म्हणाले, कधी? मी म्हटलं, कायदा २०१५ साली झाला, आयोगाचं काम २०१७ साली सुरू झालं. पलीकडे बराच वेळ शांतता. नंतर म्हणाले, मग मला कसं कळलं नाही?

प्रश्न अगदी रास्त आहे. म्हणून म्हटलं, जे थोडंफार ठाऊक आहे आणि जे डोळ्यांनी पाहिलं, ते सरळ लिहूनच काढावं.

मुळात आयोग दोन जातीचे असतात. एक अहवाल लिहिणारे, दुसरे गाऱ्हाणं ऐकणारे. आपल्याकडे पहिल्या जातीचे भरपूर झाले. देशाचा पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग १९६६ सालचा. मोरारजी देसाई अध्यक्ष होते, पुढे ते उपपंतप्रधान झाले आणि त्यांची जागा हनुमंतय्यांनी घेतली. या आयोगानं एकूण २० अहवाल दिले. दुसरा आयोग २००५ साली, वीरप्पा मोईलींचा, त्याचे अहवाल १५. केरळात तर राज्य झाल्याबरोबर, १९५७ सालीच, मुख्यमंत्री नंबुद्रीपाद स्वतःच अशा समितीचे अध्यक्ष होऊन बसले होते. त्याच केरळात २०१६ साली अच्युतानंदनांना प्रशासकीय सुधारणा आयोगाचं अध्यक्ष केलं, तेव्हा त्यांचं वय नव्वदीच्या पुढे होतं. (हे वाचून आमच्या ह्यांना फार हुरूप आला. म्हणाले, म्हणजे आपल्याला अजून पंधरा-वीस वर्षं आहेत!)

असे अहवाल कपाटात जातात, ही आपली ठाम समजूत. ती पूर्ण खरी नाही, पूर्ण खोटीही नाही. १९६६च्या आयोगानं अगदी सुरुवातीच्या अहवालातच लोकपाल आणि लोकायुक्त नेमा असं सांगितलं होतं. महाराष्ट्रानं ते ऐकलं. १९७१ साली कायदा केला, १९७२ साली लोकायुक्त नेमले, आणि असं करणारं हे पहिलं राज्य. नागरिकशास्त्र शिकवताना ही गोष्ट मी मान ताठ करून सांगायची. लोकपालाचा कायदा व्हायला मात्र २०१३ साल उजाडलं. मधली सत्तेचाळीस वर्षं अहवालानं काय केलं असेल, कुणास ठाऊक. वाळवीला विचारायला हवं.

पण एक सुधारणा माझ्या स्वतःच्या टेबलावरून गेली, म्हणून ती मी विसरत नाही. ज्यांचा जन्म शाळेच्या आवारात गेला त्यांना जून महिना म्हणजे काय ते माहीत आहे. निकाल लागला की मार्कशीटच्या झेरॉक्सचे गठ्ठे घेऊन पालकांची रांग. ‘सत्यप्रत’ करून पाहिजे. मूळ कागद बघायचा, झेरॉक्स बघायची, गोल शिक्का, आडवा शिक्का, सही, तारीख. एकेका मुलाच्या सात-सात, आठ-आठ प्रती. आमच्या हेडसरांचा हात दुखून यायचा. शिक्के मारायचं काम माझ्याकडे असायचं, शाईनं बोटं जांभळी झालेली. आणि रांगेतल्या बाया रोजगार बुडवून आलेल्या. एवढं करून सिद्ध काय व्हायचं? झेरॉक्स मशीन खोटं बोलत नाही, एवढंच.

मोईली आयोगाच्या बाराव्या अहवालात, नागरिककेंद्री प्रशासनाच्या, ही प्रथा बंद करून माणसाच्या स्वतःच्या सहीवर विश्वास ठेवा अशी शिफारस होती. पुढे केंद्रानं ते मनावर घेतलं, आणि महाराष्ट्रात ९ मार्च २०१५च्या शासन निर्णयानं स्वयंसाक्षांकन आणि स्वयंघोषणापत्र आलं. स्टँपपेपरची गरज गेली, बऱ्याच कामांतलं प्रतिज्ञापत्र गेलं. मी तोवर निवृत्त झाले होते. पण बातमी वाचली तेव्हा मला त्या रांगेतल्या बायाच आठवल्या. म्हणजे अहवाल अगदीच वाया जातात असं नाही. फक्त ते कपाटातून बाहेर काढणारा कुणीतरी लागतो.

आता आपल्या राज्याचं. महाराष्ट्राला दप्तरदिरंगाईची चीड नव्हती असं कुणी म्हणू नये. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अनिलकुमार लखिना नावाचे कलेक्टर होते. त्यांनी काय मोठं केलं? जुन्या दप्तरांची वर्गवारी केली, कोणतं काम कुणाचं हे लिहून ठेवलं, कचेरीतली बसण्याची व्यवस्था बदलली. त्याचा ‘लखिना पॅटर्न’ झाला, दुसऱ्या जिल्ह्यांतून लोक बघायला येऊ लागले. पुढे पुणे विभागात चंद्रकांत दळवींनी ‘झिरो पेंडन्सी’ची मोहीम काढली. अशी माणसं अधूनमधून होतात. पण माणसाची बदली होते, आणि पॅटर्न त्याच्या सामानाबरोबर ट्रकमध्ये चढतो की काय, असं वाटतं.

मग कायदे आले. २००५ सालचा कायदा फार कमी लोकांना पूर्ण नावानं माहीत असेल, कारण नाव म्हणता म्हणता धाप लागते. बदल्यांचं विनियमन आणि शासकीय कर्तव्यं पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध. अण्णा हजारेंच्या आंदोलनाचा त्यामागे रेटा होता. त्यात म्हटलं होतं की साधी फाईल (सरकारी भाषेत ‘नस्ती’, आणि हा शब्द मला फार आवडतो, नसती उठाठेव आठवते) कुणाच्याही टेबलावर सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहायची नाही. उत्तम! पण राहिलीच, तर? तर वरिष्ठांनी चौकशी करायची. म्हणजे सासूबद्दलची तक्रार सासूच्या सासूकडे. घराण्याचं नाव राखायचं तर दोघींनाही असतं. त्या कायद्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं ते फक्त बदल्यांचं प्रकरण. दिरंगाईच्या भागाची दिरंगाई झाली.

म्हणून २०१५ सालचा लोकसेवा हक्क कायदा मला वेगळा वाटला. मध्य प्रदेशानं असा कायदा २०१० सालीच केला होता, त्याच्या पाठोपाठ बिहारनं. आपण जरा उशिरा जागे झालो, पण २८ एप्रिल २०१५ पासून आपल्याकडेही तो लागू आहे. मी तो मराठीतून वाचला आहे, अगदी पेन्सिल घेऊन. (निवृत्त माणसाला दुसरं काम काय!) भाषा सरकारी आहे. ‘पदनिर्देशित अधिकारी’ हा शब्द वर्गात एका दमात म्हणायला लावला असता तर अर्धा वर्ग नापास झाला असता. पण आतला विचार सोपा आहे. दाखला, परवाना, नोंद, जे काही सरकारनं यादीत जाहीर केलं आहे ते किती दिवसांत मिळणार हे आधी सांगायचं. ते देणं ही मेहेरबानी नाही, तुमचा हक्क आहे. अर्ज दिला की पोच द्यायची, त्यावर तारीख. नाकारलं तर कारण लेखी द्यायचं. मुदत टळली किंवा नाकारलं तर ३० दिवसांत पहिलं अपील, त्याच्यावर दुसरं, दोन्ही खात्यातच. आणि तिसरं अपील खात्याच्या बाहेर, आयोगाकडे. कसूर ठरली तर अधिकाऱ्याला दंड, ५०० रुपयांपासून ५००० रुपयांपर्यंत, आणि तो त्याच्या स्वतःच्या खिशातून.

भाऊजींना मी सांगितला तो आयोग हा. राज्य सेवा हक्क आयोग. एक मुख्य आयुक्त मुंबईला, आणि महसूल विभागांसाठी आयुक्त. पहिले मुख्य आयुक्त स्वाधीन क्षत्रिय, राज्याचे माजी मुख्य सचिव, २०१७ साली आले. कायदा झाल्यावर मधली जवळजवळ दोन वर्षं तिसऱ्या अपिलाची पायरी कागदावर होती, पण पायरीवर बसलेलं कुणी नव्हतं. वेळेचा हक्क देणाऱ्या कायद्याचं हे, म्हणून लक्षात राहिलं.

अशा जागांवर बहुधा निवृत्त मोठे अधिकारी येतात. त्यावर टीका होते, मला ती अर्धीच पटते. कचेरीत कुठे काय मुरतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण खिडकीच्या बाहेरच्या बाजूला, उन्हात, पिशवीत कागद घेऊन उभं राहायची वेळ त्यांच्यावर तीस-पस्तीस वर्षांत किती वेळा आली असेल? आतून सगळ्याच खिडक्या उघड्या दिसतात.

आता मी मुख्य गोष्टीकडे येते.

आमच्याकडे पोळ्या करायला येते ती. नाव लिहीत नाही, कारण तिनंच सांगितलंय, बाई, माझं नाव कुठे लिहू नका. तालुक्याचं नावही लिहीत नाही. तुम्ही तुमच्या तालुक्याचं घालून वाचलंत तरी फारसं बिघडणार नाही. तिची मोठी मुलगी माझ्याकडे दहावीला मराठीला यायची, हुशार, अक्षर तर असं की फळ्यावर लिहायला मी तिलाच उठवायची. २०२४च्या जूनमध्ये तिला डिप्लोमाला प्रवेश घ्यायचा होता. फीत सवलत मिळणार होती, त्याला उत्पन्नाचा दाखला हवा. आपल्या सरकारच्या यादीत या दाखल्याला १५ दिवसांची मुदत आहे. हाताशी महिना होता. मी म्हटलं, काळजी करू नको, कायदा आहे.

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. दुधाच्या खाड्यांच्या शेजारी मी पेन्सिलीनं तिच्या हेलपाट्यांची खूण करायला लागले. मास्तरकीची सवय, हजेरी मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पहिले ११ दिवस गेले तलाठ्याच्या अहवालात. (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. लोक तलाठीच म्हणतात.) त्यांच्याकडे दोन जादा सज्जे, वर कसलंसं प्रशिक्षण. ते भेटले की सही दोन मिनिटांत झाली, माणूस वाईट नव्हता. पुढचे ५ दिवस केंद्रावर सर्व्हर डाऊन. मग ७ दिवस त्रुटी. रेशनकार्डावर नवऱ्याचं नाव एका तऱ्हेनं, आधारवर दुसऱ्या तऱ्हेनं. ते दुरुस्त केलं तर विजेचं बिल घरमालकाच्या नावावर का. तेही आणलं. ही त्रुटी कुणी कागदावर लिहून देत नव्हतं. तोंडी, एका वेळी एक, औषधाचा डोस दिल्यासारखी. आणि तिच्या प्रत्येक फेरीला अर्ध्या दिवसाची दोन घरची कामं बुडत होती.

तेविसाव्या दिवशी अर्ज एकदाचा संगणकात चढला आणि पोच हातात आली. सव्विसाव्या दिवशी दाखला मिळाला.

आता गंमत पाहा. माझ्या कालनिर्णयावर २६ दिवस. सरकारच्या संगणकात ३ दिवस. मुदत पंधराची, काम तिनात! म्हणजे हा अर्ज मेरिट लिस्टमध्येच गेला. उद्या आयोगानं या कचेरीचा तक्ता मागवला, तर तिच्या मुलीचं प्रकरण कार्यक्षमतेचं उदाहरण म्हणून दाखवता येईल. घड्याळ सुरू होतं ते अर्ज ‘परिपूर्ण’ झाल्यावर, आणि परिपूर्ण कधी झाला हे खिडकीच्या आतला माणूस ठरवतो.

माझा एक जुना विद्यार्थी दुसऱ्या जिल्ह्यात अशाच एका कचेरीत आहे. दिवाळीला भेटायला आला तेव्हा मी त्याच्यापुढे हे कालनिर्णय धरलं. तो जरा वेळ बघत राहिला, मग म्हणाला, “बाई, आम्हाला वरून रोज एकच प्रश्न येतो, मुदतीबाहेरचे अर्ज किती? त्याचं उत्तर शून्य असावं लागतं. मग अर्ज आत घ्यायच्या आधीच आम्ही सगळं तपासतो. आत घेतला की घड्याळ सुरू. आमच्याकडे सहा पदं, भरलेली तीन. निवडणूक आली की त्या तिघांतले दोघं जातात. तुम्हीच सांगा, काय करायचं?”

मी काय सांगणार? निवडणुकीची, जनगणनेची कामं मीही केली आहेत. भर वर्गातून उठून पट, आहार, शिष्यवृत्ती यांचे तक्ते भरायला धावले आहे. खुर्चीतल्या माणसाला राक्षस ठरवणं सोपं, पण तो माझ्याच वर्गातून गेलेला असतो. त्याला अर्जाचं नाही, तक्त्याचं भय घातलेलं आहे. मग तो तक्ता सांभाळतो.

माझ्या लहानपणी आमच्या गावच्या शाळेत दिपोटी यायचे. (नव्या मंडळींसाठी सांगते, डेप्युटी इन्स्पेक्टर, लोक दिपोटी म्हणायचे.) आदल्या दिवशी शाळा शेणानं सारवायची, नकाशे लावायचे, आणि जी दोन-चार मुलं हटकून चुकीची उत्तरं द्यायची त्यांना गुरुजी सांगायचे, उद्या शेतावर गेलात तरी चालेल. दिपोटी खूश होऊन जायचे. शेरेबुकात ‘वर्गाची प्रगती समाधानकारक’. त्यात खोटं काहीच नसायचं, वर्गात बसलेल्यांची प्रगती समाधानकारक होतीच. शेतावर गेलेली मुलं मोजायला कुणी येत नव्हतं.

पोळ्यांवालीच्या घरी त्या २६ दिवसांची किंमत काय पडली ते सांगते. कॉलेजनं मुदतीत दाखला नाही म्हणून पूर्ण फीचा पहिला हप्ता भरायला सांगितला, सवलतीचं नंतर बघू म्हणाले. तिनं गळ्यातली पोत सोनाराकडे ठेवली. आम्हाला सांगितलं असतं तर आम्ही काही केलं असतं, पण तिनं सांगितलं नाही. गळा मोकळा दिसला तेव्हा मी विचारलं, तर म्हणाली, दुरुस्तीला टाकलीय. पोत सुटायला पुढचा शिमगा उजाडला. व्याज किती गेलं ते ती सांगत नाही, मीही आता विचारत नाही.

मी तेव्हा रागानं अपिलाचा मसुदाच लिहून काढला होता. दोन पानं, मुद्देसूद, माझ्या मते फर्स्ट क्लास. तिला वाचून दाखवला. तिनं पोळपाटावरचं पीठ झटकत ऐकून घेतला आणि म्हणाली, “बाई, झकास आहे. पण नका पाठवू.”

“का गं? घाबरतेस कुणाला? दंड त्यांना होईल, तुला नाही.”

“दंड त्यांना होईल हो. पण मला परत त्याच खिडकीवर जायचंय. धाकट्याचा दाखला आहे, सासूचं निराधारचं आहे, घराच्या जागेचं आहे. तुम्हाला काय, तुमची पेन्शन बँकेत येते.”

ह्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. शिवाय अपील केलं असतं तरी टिकलं नसतं, कारण कागदावर मुदत टळलेलीच नव्हती! पण ते तांत्रिक झालं. तिचं म्हणणं त्याहून खोल आहे. तिसऱ्या पायरीपर्यंत कोण जाणार? ज्याला त्या कचेरीची पुन्हा गरज पडणार नाही तो. किंवा ज्याला वकील करता येतो तो. किंवा माझ्यासारखी रिकामटेकडी. आणि ज्याला वर्षातून चार वेळा त्याच माणसापुढे हात पसरायचे आहेत, तो गप्प बसणार. मग आयोगापुढे येणारी अपिलं थोडी, आणि थोडी अपिलं म्हणजे लोक समाधानी असा हिशेब कुणी मांडला, तर तो दिपोट्याच्या शेरेबुकासारखाच समाधानकारक होईल.

भाऊजी म्हणाले तसा जबरदस्त आयोग म्हणजे आणखी कडक दंड, असं मला वाटत नाही. दंड वाढवला तर तक्ता आणखी जपला जाईल आणि खिडकी आणखी उशिरा उघडेल. याच कायद्यात आयोगाला दोन अधिकार दिलेले आहेत, त्यांची चर्चा कमी होते. एक, कुणी तक्रार केली नाही तरी आयोग आपण होऊन दखल घेऊ शकतो. दोन, कचेऱ्यांची तपासणी करू शकतो. माझ्या मते आयोगाचा जीव ह्या दोन कलमांत आहे. गरिबाच्या बाजूनं बोलायला गरिबाची सही लागू नये, ही त्यातली खरी शहाणपणाची गोष्ट.

आता तपासणी म्हणजे सत्कार, पुष्पगुच्छ आणि संगणकावरचे रंगीत आलेख असेल तर ती नको. २०२५ पासून २८ एप्रिलला सेवा हक्क दिन साजरा होतो, फलक लागतात, शपथ होते. होऊ दे, त्याला माझी ना नाही. पण माझं ऐकतील तर (कोण ऐकतंय म्हणा) एका तरी आयुक्तांनी जून महिन्यात, कुणाला न कळवता, पिशवी घेऊन एखाद्या तालुक्याच्या रांगेत उभं राहावं. गाडी चौकात ठेवावी. रांगेतल्या दहा बायांना एकच विचारावं, तुझी ही कितवी खेप? आणि तो आकडा संगणकातल्या आकड्याच्या शेजारी मांडावा. वजाबाकी चौथीतल्या मुलालाही येते.

आणि पहिल्या खेपेलाच पोच. अपुरा अर्ज असला तरी पोच, आणि काय काय अपुरं आहे ते एकदमच, लेखी. वाण्याच्या दुकानातही चिठ्ठी दिली की यादीतलं काय नाही ते तो एकदम सांगतो. तेल नाही म्हणून परत पाठवून दुसऱ्या दिवशी साखर नाही म्हणत नाही.

पुण्याच्या वन्सं विचारतील, की आता सगळं ऑनलाइन झालंय, घरबसल्या अर्ज करता येतो, मग खिडकी कुठली? वन्सं, तुमच्याकडे झालं असेल. मीही एकदा आमच्या नातवाला बसवून घरून प्रयत्न केला. कागद स्कॅन करा, तो इतक्याच आकाराचा करा, फोटो तितक्याच आकाराचा करा, मोबाईलवर आलेला आकडा टाका. नातू इंजिनिअर होतोय, त्याला पाऊण तास लागला. पोळ्यांवालीचा मोबाईल नवऱ्याकडे असतो आणि नवरा ट्रकवर असतो, तर कधी आकडा येणार आणि कधी ती टाकणार? तिच्यासाठी ऑनलाइन म्हणजे जुन्या खिडकीच्या अलीकडे आणखी एक खिडकी.

असो. यंदा तिचा धाकटा दहावी झाला. गणितात बरा, मराठीत काठावर. (शिकवणीला यायचा नाही, क्रिकेट.) त्याला उत्पन्नाचा दाखला हवा आहे. या वेळी मी जुनाच उपाय काढला. संगणकाच्या आधीचा, आम्ही शिक्षक मंडळी पगारबिलं घेऊन जायचो तेव्हाचा. साध्या कागदावर अर्ज, सोबतच्या कागदांची यादी खाली क्रमानं, आणि त्याची हुबेहूब दुसरी प्रत. पहिली प्रत आवक टेबलावर द्यायची, दुसऱ्या प्रतीवर आवक-शिक्का मागायचा. तारखेसकट. संगणक काहीही म्हणो, आवक-शिक्क्याची तारीख कुणाला मागेपुढे करता येत नाही.

ती म्हणाली, बाई, तुम्ही बोला, मी मागे उभी राहते. मी म्हटलं, नाही, तू बोल, मी मागे उभी राहते. बराच वेळ आमची ही ओढाताण, आवक टेबलाच्या समोर. शेवटी तिनंच कागद पुढे केला. टेबलावरच्या मुलीनं आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्या पांढऱ्या डोक्याकडे, आणि म्हणाली, हे ऑनलाइन करावं लागतं. ही म्हणाली, “ते पण करते ताई, पण यावर शिक्का द्या.” आवाज कापत होता. मुलीनं शिक्क्याची तारीख फिरवली, शाईच्या डबीत दाबला, मारला. निळा, जरासा तिरपा.

तो कागद तिनं घरी नेला नाही, माझ्याकडेच ठेवायला दिला. कालनिर्णयाच्या मागे टाचणीनं लावून ठेवलाय. आज नववा दिवस.